मेलेल्या किल्लीने उघडलेली गाडी

१

गमदोल मच्छीमार संस्थेची पांढरी इलेक्ट्रिक गाडी रात्रभर आवारात चार्जिंगला लावलेली होती. सकाळी सातला सचिव पांग जे-हो याने तिची डिकी उघडली, तर डिकी रिकामी. काच शाबूत, कुलूप शाबूत, चार्जिंगची वायर जिथल्या तिथे. आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या देखत ठेवलेलं खोकं तेवढं गेलं होतं.

खोक्यात पाच रबरी पोशाख होते, गावातल्या, समुद्रात बुड्या मारून शंख काढणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या पाच पाणबुड्या बायकांचे. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांतल्या एकीला पाण्यातच भोवळ आली, आणि संस्थेने ठरवलं की ऐंशीच्या पुढे बुडी बंद. बायकांनी सह्या केल्या, पोशाख दिले. शहरातलं संग्रहालय ते काचेच्या पेट्यांत उभे करणार होतं आणि आज दुपारी जे-हो ते पोचवणार होता.

समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून बू इल-सुन हातातली कॉफी न सांडता रस्ता ओलांडून आली, तोवर अध्यक्ष को मान-सू यांचा आवाज धक्क्यापर्यंत पोचला होता.

"ओक-बून सामचुनांना मी काय तोंड दाखवू? साठ वर्षं पाण्यात घातली त्यांनी! आणि हा म्हणतो, मला माहीत नाही!"

"भावजी, आधी श्वास घ्या," इल-सुन म्हणाली. "रक्तदाबाची गोळी घेतलीत का?"

"वहिनी, तुम्ही मधे पडू नका."

पण मधे पडणं हा इल-सुनचा धंदाच होता. वीस वर्षं ती बंदरावरच्या पोलीस चौकीत कारकून होती. साहेब बदलले, चौकशा बदलल्या, पण फायली लावायचं काम हिचंच, आणि फायली लावणाऱ्या माणसाला कोण कधी खोटं बोललं ते साहेबापेक्षा जास्त कळतं. नोकरी सुटली, खोड सुटली नाही.

"किल्ली कुणाकडे होती?" तिने विचारलं.

"माझ्याकडे," जे-हो म्हणाला. "रात्रभर उशाशी." त्याने स्वतःहून फोन पुढे केला. गाडीच्या ॲपवर स्पष्ट दिसत होतं: पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी डिकी किल्लीचं बटण दाबून उघडली. हा बाबा इतका सरळ, की स्वतःच्या गळ्यातला फास स्वतःच आवळून दाखवत होता.

"झालं तर मग!" अध्यक्षांनी ऑफिसच्या खणातून दुसरी किल्ली आणली. "ही जादा किल्ली. हिचा सेल दोन वर्षांपूर्वी गेला, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. बघा." त्यांनी सगळ्यांसमोर बटण दाबलं. किल्लीवरचा लाल दिवा लागला नाही, गाडीने हूं की चूं केलं नाही. "म्हणजे उघडली ती ह्याच्याच किल्लीने. ती कॅफेवाली बाई शोभेसाठी पोशाख मागत फिरत होतीच. ह्याने विकले. संध्याकाळी पाचला सभा. सचिवाला काढून टाकायचा ठराव मीच मांडणार."

जे-हो समुद्रापल्याडचा, मुख्य भूमीवरून तीन वर्षांपूर्वी आलेला. राहतं घर संस्थेचं, म्हणजे नोकरी गेली की घर गेलं. मुलीचं नाव मार्चपासून गावच्या शाळेत पहिलीत घातलेलं. बेटावर त्याला दुसरं कोण ठेवून घेणार होतं?

इल-सुनने अध्यक्षांच्या हातातून ती मेलेली किल्ली अलगद काढून घेतली आणि उजेडात धरली. किल्लीची दोन टरफलं जिथे जुळतात तिथे एक ताजा, रुंद ओरखडा होता.

२

"दुकानात चल," ती जे-होला म्हणाली.

दुकानात गळ, हातमोजे, दोऱ्या, नट-बोल्ट, आणि गल्ल्याशेजारी दोन गोष्टी ज्यांच्यावरून ती गावाशी रोज भांडे. एक, मेलेले सेल टाकायचा डबा. दुसरी, त्याच्यावर टांगलेली चिकटपट्टीची गुंडाळी. सेल टाकायचा तर दोन्ही बाजूंना पट्टी लावूनच, नाहीतर डब्यात सेल एकमेकांना भिडून पेटतात. कुणी तसाच टाकला तर इल-सुन त्याला भर बाजारात हाक मारून परत बोलवायची. आता गावातल्या पोरासोरांचे हातसुद्धा आपसूक त्या गुंडाळीकडे जात.

दुसरं भांडण नव्या सेलवरून. पलीकडच्या गावात एका लेकराने बटणाएवढा सेल गिळला, तेव्हापासून ती फक्त कडू लेप दिलेले सेल ठेवी. मूल तोंडात घालेल तर थुंकेल. गिऱ्हाइकं कुरकुरायची की किल्लीत चालत नाहीत. ती म्हणायची, फडक्याने पुसा, चालतात.

तिने पातळ पेचकस घालून किल्ली उघडली. आतला सेल काढून मीटरवर धरला. ठार मेलेला.

"बघा मावशी, मेलेलाच आहे," जे-हो हताश होऊन म्हणाला.

"मेलाय खरा. पण इथे मेलेला नाही." तिने सेल नखाने खरवडला. नखावर राखाडी गोंद आला, आणि सेलच्या पाठीवर पट्टीच्या रुंदीचा एक आडवा डाग उरला. "दोन वर्षं जो सेल ह्या किल्लीत बसून होता त्याला चिकटपट्टी कुणी लावली? आत बसलेल्या सेलला पट्टी लावतात का?"

जे-होला उमजायला दोन क्षण लागले. "हा तुमच्या डब्यातला आहे!"

"हं. कुणीतरी किल्लीतला जुना सेल काढला, पट्टी लावून शहाण्यासारखा डब्यात टाकला, नवा बसवला. पहाटे डिकी उघडली. मग किल्ली मेलेली दिसावी म्हणून नवा काढला. आता मेलेला कुठून आणणार? स्वतःचा तर कालच टाकून बसला. म्हणून डब्यातून हाताला लागला तो उचलला, पट्टी ओढून काढली आणि आत घातला. गोंद राहिला."

"म्हणजे मी सुटलो!"

"गोंदावर सभा ऐकेल? भावजी म्हणतील, पोलिसीण बाई पल्याडच्या पोराला पाठीशी घालते." ती उठली. "सेल कुणी नेला ते सांगावं लागेल. काल दुपारभर मी दाताच्या डॉक्टरकडे होते. दुकानात आमचे हे होते."

आमचे हे, म्हणजे यांग दु-चिल, रात्रीच मासेमारीच्या बोटीवर गेले होते. उद्यापर्यंत फोनच्या टप्प्याबाहेर. इल-सुन कपाळाला हात लावणार, तोच तिला नवऱ्याची सवय आठवली. एखादी वस्तू संपली की तो रिकाम्या खुंटीला चिठ्ठी अडकवून ठेवायचा, म्हणजे ही पुन्हा मागवेल.

ती मागच्या खोलीत चष्मा आणायला गेली. परत येते तर सेलच्या खुंटीखाली चिठ्ठी पडलेली, दाराची घंटा हलतेय आणि जे-हो गायब.

चिठ्ठीत एवढंच होतं. "किल्लीचा सेल." आणि खाली, "सामचुन."

३

"अरे देवा," इल-सुन मोठ्याने म्हणाली. "ह्याने काका वाचलं असणार."

आणि तसंच झालं होतं. पल्याडच्या बोलीत त्या शब्दाचा भाऊबंद आहे, आणि त्याचा अर्थ काका. जे-होने डोक्यातल्या डोक्यात गावातले काका मोजले, अध्यक्षांवर येऊन थांबला, आणि पळत पळत त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, की सेल तुम्हीच नेलात, दु-चिलनी लिहून ठेवलंय. अध्यक्ष तेव्हा जेवायला बसले होते. त्यांनी वाटी आदळली. इल-सुन धापा टाकत पोचली तेव्हा ते दारात उभे राहून गरजत होते.

"आता सभेत चोरीपण येईल आणि खोटा आळपण येईल! वहिनी, घेऊन जा ह्याला, नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल."

परतताना वाटेत कॅफे लागला. मालकीण ओम सो-रा बाहेर खुर्च्या पुसत होती. तीही पल्याडचीच, सहा महिन्यांपूर्वी आलेली. इल-सुनने सरळच विचारलं, "पोशाख मागितले होतेस का गं?"

"मागितले की. तीनदा." सो-राने फडकं झटकलं. "भिंतीवर छान दिसले असते. ह्यांनी तिन्ही वेळा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तर म्हणाले, तुमच्या आजीचं लुगडं टांगाल का भिंतीवर? मला इतका राग आला! पण मग वाटलं, खरंय."

जे-हो जमिनीकडे बघत होता. इल-सुनला तो त्या क्षणी फार आवडला. आजवर तिला तो नुसता नीटनेटका वाटायचा.

"तीन वर्षं झाली तुला," ती चालता चालता म्हणाली, "आणि कान अजून पल्याडचेच? इथे आपल्याहून मोठा तो सामचुन. बाप्या असो, बाई असो. अध्यक्ष सकाळी काय ओरडत होते? ओक-बून सामचुन."

"मला वाटलं, नावापुढे लावायचं काहीतरी मानाचं असेल."

"मला कधी कुणी सामचुन म्हटलेलं ऐकलं नाहीस?"

"तुम्हाला सगळे 'पोलिसीण' म्हणतात, मावशी."

हे मात्र खरं होतं.

"बरं, ऐक. माझा नवरा सदुसष्टचा. तो सामचुन कुणाला म्हणेल? अध्यक्षांना नाही, ते त्याच्याहून चार वर्षांनी लहान. सो-राला नाही. तुला तर नाहीच. तो सामचुन म्हणेल ते त्याच्याहून चांगल्याच मोठ्या माणसाला. गावात असा बाप्या एकच, मुन आजोबा, आणि ते महिनाभर शहरात इस्पितळात आहेत. तेवढ्या वयाच्या बायका पाचच. कोण त्या?"

जे-हो थबकला. "पोशाख ज्यांचे, त्याच पाच जणी?"

"दोघी पोरांकडे शहरात राहायला गेल्यात. एकीचं खुब्याचं हाड मोडलंय, ती अंथरुणात. उरल्या ओक-बून आणि वोल-सन. एक त्र्याऐंशी, एक एक्याऐंशी."

"पण त्या म्हाताऱ्या... किल्लीचा सेल... पहाटे पाचला..."

"शंख खडकाला चिकटला की सुटत नाही. ह्या बायका लोखंडी पट्टी घालून तो एका हिसक्यात उचकटतात, तेही श्वास कोंडून, दहा हात पाण्याखाली. तुझी किल्ली उघडायला त्यांना काय लागतंय? ओरखडा रुंद होता. नाणं नव्हतं ते, पेचकसही नव्हता."

घड्याळात दोन वाजले होते.

४

ओक-बून आणि वोल-सन दोघी ओक-बूनच्या ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. मधे टोपलीभर संत्री, मागच्या परसातल्या एकाच झाडाची. बाजूला ओक-बूनची बाबागाडी. नातवंडं कधीच मोठी झाली होती. आता ती गाडी म्हातारीलाच टेकून चालायला लागे.

"बस गं," ओक-बून ओरडली. उभ्या जन्माच्या बुड्यांनी तिचे कान गेले होते, त्यामुळे ती सगळ्यांशी वाऱ्यात बोलल्यासारखं बोलायची. "दाताचं काय झालं?"

"काढला, सामचुन!"

"काय खाल्ला?"

"काढला!"

वोल-सन खुदकन हसली आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली. इल-सुन बसली. तिने पोशाखांचा विषय काढला. वोल-सनने ऐकलं होतं, पण तिला फारसं सोयरसुतक नव्हतं. "जाऊ दे गेले तर. गुडघे राहिलेत कुठे? मला आता टीव्हीसमोर ऊब बरी वाटते."

"आणि तुम्हाला, सामचुन?"

ओक-बून जाकिटाच्या खिशात एक हात घालून बसली होती, बोटं आत काहीतरी चाळवत होती. मग तिने हात काढला, एक संत्रं सोललं, फोड तोंडात घातली आणि सगळं तोंड वाकडं केलं.

"थू! ह्या वर्षी झाडच बिघडलं. कडू जहर. सकाळपासून एक फळ धड लागलं नाही."

"काहीतरीच!" वोल-सन म्हणाली. "साखर आहे नुसती. मी सहा खाल्ली."

"तुझी जीभ गेली."

"माझी जीभ गेली? हिचे कान गेले ते गेले, आता जीभपण चालली!"

इल-सुनने टोपलीतलं एक संत्रं उचललं आणि सावकाश सोललं. गोड होतं. मग तिने ओक-बूनच्याच फळातली, म्हातारीच्या बोटांनी सोडवलेली एक फोड मागून घेतली आणि जिभेच्या टोकाला लावली. कडू लागली, चांगलीच. दुसऱ्या बाजूने, जिथे बोटं लागली नव्हती तिथे, तीच फोड गोड होती.

तो कडूपणा तिच्या ओळखीचा होता. सेल हाताळून तशीच जेवायला बसली की तिचा भातही असाच लागायचा.

"वोल-सन सामचुन, जरा आत जाऊन चहाचं बघता का?" ती म्हणाली. आणि वोल-सन आत गेल्यावर तिने ओक-बूनच्या कानाशी तोंड नेलं. "झाड चांगलं आहे. खिशातला सेल काढा."

५

म्हातारीने कांगावा केला नाही. खिशातून चकचकीत सेल काढून तिने ओसरीवर ठेवला.

"कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही."

"मग?"

"बोटं कडू आहेत तुमची. मूल गिळू नये म्हणून लेप असतो."

ओक-बूनने बोट चाटून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि मान हलवली. कारागिराने दुसऱ्या कारागिराचं काम मान्य करावं तशी. मग तिने सगळं सांगितलं. किल्लीचा खण उघडाच असतो. दु-चिलने सेल दिला आणि कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. पहाटे अंधारात आपला पोशाख निवडता येईना, म्हणून अख्खं खोकंच बाबागाडीवर घालून आणलं. सकाळी किल्ली परत ठेवायला निघाली, वाटेत तुझं दुकान. तू कॉफी ओतत होतीस, डबा दारातच होता. आणि नवा सेल फेकवेना, म्हणून खिशात ठेवला.

"पण कशाला, सामचुन? सही तर तुम्हीच केलीत."

"केली. पोरं बरोबर बोलतात, माझा श्वास पुरत नाही. मी बुडी मारायला नव्हता आणला." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ते म्हणाले, काचेच्या पेटीत उभा करू, आतून काड्या घालून, माणूस असल्यासारखा. शेजारी माझं नाव. तिकीट काढून लोक बघणार. अगं, मी अजून इथे बसून संत्रं खातेय, आणि माझं कातडं तिकडे उभं करणार? मी मेल्यावर करा की. तेवढी घाई कसली?"

चौकीतल्या वीस वर्षांत इतका बिनतोड जबाब इल-सुनने फाइलला लावला नव्हता.

"सामचुन," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या घरात फोन वाजतो तो तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणून सांगते. चोरीचा आळ जे-होवर आलाय. पाचला सभा आहे. त्याला काढणार. घर जाईल, पोरीची शाळा जाईल, बेट सोडावं लागेल."

ओक-बूनने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग तिने टोपली बाजूला सारली.

"तू सांगणार सभेत?"

"पाच वाजेपर्यंत नाही."

"म्हणजे पाचला सांगणार."

"हो, सामचुन. सांगावं लागेल."

इल-सुन उठली. ज्या बाईने तिला लहानपणी पोहायला शिकवलं, तिला ती गावासमोर चोर म्हणणार होती. आणि न म्हणावं तर त्या पोराचा संसार उठत होता.

पाचला सभागृह भरलं. जे-हो नेहमीप्रमाणे सभेचा वृत्तांत लिहायला वही उघडून बसला होता, कारण ठराव होईपर्यंत सचिव तोच. बाहेर कॅफेपाशी त्याची बायको मुलीचा हात धरून उभी होती. अध्यक्ष ठराव वाचायला लागले. पहिलं वाक्य संपलं, दुसरं संपत आलं. इल-सुनने घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि उभं राहायला खुर्चीचा हात धरला.

दार उघडलं.

आधी बाबागाडी आत आली, त्यावर खोकं. मागून ओक-बून, नखशिखांत काळ्या रबरी पोशाखात, डोक्याला टोपी, कमरेला शिशाचा पट्टा. मागे वोल-सन चहाचा कप हातातच घेऊन आलेली, तिला तो ठेवायचं भान नव्हतं.

"मी घेतलं," ओक-बून आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, म्हणजे सगळ्या धक्क्याला ऐकू गेलं. "त्या जादा किल्लीत सेल घालून. ह्या पोराने काही केलं नाही. मान-सू, तो कागद फाड."

अध्यक्ष उभ्या जागी खिळले. "सामचुन... असं कसं... तुम्ही..."

पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती टेबलाला वळसा घालून जे-होसमोर आली, आणि त्र्याऐंशी वर्षांची ती बाई चौतीस वर्षांच्या पोरासमोर कमरेत वाकली. पार खाली. वाकली आणि तशीच राहिली.

जे-हो खुर्ची पाडून उठला. "नको, नको, असं करू नका!"

"अरे, करत नाहीये आता," खालून आवाज आला. "पट्टा जड आहे. वर घ्या मला."

दोघा-तिघांनी धरून तिला सरळ केलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच. जे-होचे डोळे भरले होते, आणि तो ते लपवत नव्हता. अध्यक्षांनी कागद फाडला, घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. आवाज जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत पोचला, पण माफी होती. मग ते म्हाताऱ्या बाईकडे वळले.

"सामचुन, पण संग्रहालय वाट बघतंय. पोशाख..."

"घे की काढून," ओक-बून म्हणाली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

अंगाबरोबर बेतलेला तो पोशाख. तो चढवायला एक माणूस लागतं, उतरवायला दोन, आणि तेही जिचा पोशाख तिने अंग सैल सोडलं तर. ओक-बूनने अंग सैल सोडलेलं नव्हतं. अध्यक्षांनी वोल-सनकडे पाहिलं. तिने चहाचा घोट घेतला. त्यांनी इल-सुनकडे पाहिलं, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. तिथे एक लहान मुलगी कॅफेच्या खुर्चीवर चढून आत डोकावत होती.

"सचिव," अध्यक्ष शेवटी थकून म्हणाले, "वृत्तांत लिहा."

जे-होने पडलेली खुर्ची उचलली, बसला आणि लिहिलं: पाचपैकी चार पोशाख परत मिळाले. पाचवा काढता आला नाही.

खाली त्याने सही केली. पांग जे-हो, सचिव.